हाडाच्या मास्तरणीला विचारा

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख छापली आणि पत्रांचा ढीगच आला. निम्म्या पत्रांत गुडघेदुखीवर औषध विचारलंय. त्या सगळ्यांना एकच उत्तर: मी डॉक्टर नाही. पुण्यात मानवशास्त्र शिकले, जुन्या हाडांवर काम केलं आणि मग तीस वर्षं धुळ्यात डॉक्टर होणाऱ्या मुलांना हाडं शिकवली. माझा एकही पेशंट कधी बरा झाला नाही, कारण माझ्यापर्यंत पोचायचा तो गेल्यावरच. उरलेल्या पत्रांतली ही सात.

एरंडोलहून एक सूनबाई: नणंदेच्या मुलाच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. तिथे खरी कवटी ठेवली होती आणि तिच्यावर वळणावळणाची अक्षरं होती, मोडीसारखी. सासूबाई म्हणाल्या, "बघ, सटवाईनं लिहिलेलं." घरी आल्यापासून वाद चालू आहे. खरं काय?

मोडी मला वाचता येत नाही, पण ही रेघ येते. ती शिवण आहे. कवटी म्हणजे एक अखंड भांडं नव्हे; गोधडीसारखी तुकडे जोडून शिवलेली असते. कपाळाच्या मागून एक शिवण आडवी जाते, भांग पाडतो तिथून एक उभी जाते, आणि मागे अंबाड्याच्या जागी तिसरी, छपरासारखी दोन्ही बाजूंना उतरती. शिवणीत मध्येच हाडाचं एखादं सुटं बेटही असतं. तुमच्या सासूबाईंना जोडाक्षर वाटलं ते बहुधा तेच.

बाळ जन्मतं तेव्हा या तुकड्यांच्या कडा जवळजवळ सरळ असतात आणि मध्ये नुसता पडदा असतो. कडा जिथे एकत्र येतात तिथे मोठी फट राहते, तीच टाळू. सासूबाईंनी नातवंडांच्या टाळूवर तेल जिरवलं असेल, तेव्हा बोटाखाली ठोका लागला असेल. तो मेंदूवरच्या पडद्यातून लागतो, मध्ये हाड नसतं. पुढची टाळू भरायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. तोवर मेंदूला वाढायला जागा मिळते, आणि त्याआधी बाळंतपणात हे तुकडे एकमेकांवर थोडे सरकून डोकं बाहेर येतं. दोन पायांवर चालायला लागलो तशी आपल्या कमरेच्या हाडांची ठेवण बदलली, पुढे मेंदू मोठा झाला, आणि वाट अडचणीची झाली. बाळ अर्धकच्चं जन्मतं ते म्हणूनच, असं शेरवूड वॉशबर्न या अमेरिकी अभ्यासकानं १९६० साली मांडलं. अलीकडे काहींचं म्हणणं असं की वाट हे एकच कारण नाही. नऊ महिन्यांनंतर आईच्या अंगाला बाळाचं पोषण झेपेनासं होतं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, पण बाळंतपणं मी पाहिली आहेत, पहिलंही सोडवत नाही.

नंतर वाढताना कडा एकमेकींत शिरतात, दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तशा. तुम्ही पाहिलीत ती अक्षरं म्हणजे ती गुंफण.

गंमत पुढेच आहे. सटवाई लिहिते कुठे? कपाळावर. आणि बाळाच्या कपाळावर खरोखरच एक उभी शिवण असते, नाकाच्या मुळापासून सरळ वर. पण ती पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बुजते. थोड्याच माणसांत जन्मभर राहते. म्हणजे जिथे लिहायचं तीच पाटी सगळ्यांत आधी कोरी होते. सासूबाईंना हे सांगा, पण बेतानं सांगा. माझ्या पाचवीला पाटा-वरवंट्याशी ठेवलेल्या कोऱ्या कागदावर दिव्यातलं तेल सांडलं होतं म्हणे. गणितात मार्क कमी पडले की आमच्या घरात त्या तेलाचा विषय निघायचा.

धुळ्याहून एम.ए.ची एक विद्यार्थिनी: इरावती कर्वे आम्हाला महाभारतावर लिहिणाऱ्या म्हणून माहीत. सर म्हणाले, त्यांची डॉक्टरेट कवट्यांवर होती. त्यांनी नेमकं काय शोधलं? दुसरं, आमच्या घरात एक काका छातीठोकपणे सांगतात की नाक आणि कपाळ बघून जात ओळखता येते. त्यांना काय सांगू?

पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल.

इरावतीबाई १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीवरून त्यांचं नाव. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे एम.ए. करून १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तिथे कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्राचा विभाग होता आणि मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. विषय मिळाला: माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी का नसते?

हे तू आत्ता आरशात बघू शकतेस. एक भुवई जरा वर, एक गाल जरा भरलेला, चष्म्याची एक काडी कानावर नेहमी तिरकी. कवटीतही तेच असतं, एक-दोन मिलिमीटरचा हिशेब. फिशरचा अंदाज असा की युरोपियन माणसाच्या मेंदूची एक बाजू जास्त विकसित, म्हणून त्याची कवटी जास्त असमान निघेल, आणि इतरांची कमी. या एक-दोन मिलिमीटरवर त्याला वंशाची अख्खी उतरंड रचायची होती. इरावतीबाईंनी शंभराहून जास्त कवट्या मोजल्या. त्यात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. कशा आणल्या असतील ते वेगळं सांगायला नको. निकाल लिहिला: असमानता सगळ्यांत आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पंचविशीतली पुण्याची बाई, परकी भाषा, आणि गाईडच्या लाडक्या कल्पनेविरुद्ध प्रबंध. १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, तेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हे लक्षात घेऊन तो निकाल वाचावा.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात गेल्या, तिथे पाय पोटाशी घेऊन पुरलेले अश्मयुगीन सांगाडे मिळाले. आपल्या पश्चिम खान्देशातल्या भिल्लांवरही त्यांनी लिहिलं आहे. धुळ्याच्या मुलीनं ते शोधून वाचायला हवं.

आता एक बोच. बर्लिनहून असा निकाल घेऊन आलेल्या इरावतीबाई पुढे महाराष्ट्रभर हिंडून जातवार डोकी, नाकं, उंच्या मोजत राहिल्या. मला तरुणपणी याचा राग यायचा. नंतर त्यांचे तक्ते नीट पाहिले तेव्हा कळलं की त्यांचा प्रश्न निराळा होता: एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती खरंच एका घरातून फुटल्या का? आणि मापं सांगत होती की नाही. नाव एक असूनही मापं लांबची. म्हणजे जातीचं नाव अंगावर लिहिलेलं नसतं, हेच दुसऱ्या वाटेनं. तरी चाप लावून माणूस मोजायची ती पद्धत मला आजही खुपते. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं, १९०१ च्या जनगणनेचा तोच आयुक्त, नाकाच्या रुंदीवरून जातींची उंच-नीच लावली होती. नाकाची रुंदी हवामानाशीही जाते, दमट उष्ण मुलखात नाकं रुंद असतात, हे तेव्हा कोण ऐकणार? पुढे दहाच वर्षांत मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची, मिळून जवळपास १८,००० माणसांची मापं घेऊन दाखवलं की देश बदलला की मुलांच्या डोक्याचा आकारही थोडा बदलतो. जो आकार एका पिढीत हलतो तो पाच हजार वर्षांची वंशावळ काय सांगणार?

काकांसाठी माझीच फजिती सांगते. विद्यार्थीदशेत तोंडी परीक्षेला माझ्यासमोर एक कवटी ठेवली. भुवयांवर उंचवटा, जबडा दणकट, कानामागचं हाड चांगलं जाडजूड. मी ठणकावलं, "पुरुष." परीक्षकांनी काही न बोलता टेबलाखालून त्याच सांगाड्याचं कमरेचं हाड काढलं. मागच्या कडेची खाच अशी रुंद, की आत अंगठा घालून सहज डावी-उजवीकडे फिरवता यावा. बाई होती. तीन वर्षं शिकलेल्या मला कवटीवरून बाई की पुरुष कळलं नाही, आणि काकांना लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या जात कळते. त्यांच्याकडून एकदा दहा कवट्या ओळखून घ्यायच्या आहेत, चहा माझ्याकडे.

पारोळ्याचे एक निवृत्त शिक्षक: माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून माकडंच कशी?

गुरुजी, तुमचे चुलतभाऊ अजून गावातच राहतात ना? तुम्ही पारोळ्याला आलात म्हणून ते संपले नाहीत, आणि तुम्ही त्यांच्यापासून झालेला नाहीत. दोघांचे आजोबा एक. आपली आणि चिंपांझीची वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी झाली. दोन्ही घरं तेव्हापासून बदलतच आली आहेत. इथिओपियात १९७४ साली मिळालेला 'लूसी'चा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. कमरेखाली चालणारी बाई, गळ्यावर चिंपांझीएवढा मेंदू. आधी पाय बदलले, डोकं फार मागाहून. शाळेत आपण उलट शिकवायचो.

रावेर तालुक्यातून एक भगिनी: माझे मालक बावीस वर्षं केळीच्या बागेत घड वाहतात. उजव्या खांद्यावर गोळा आलाय, रात्री "मान दुखस" म्हणत कूस बदलतात. डॉक्टर म्हणाले, हाड वाढलंय. मुलगा चौदा वर्षांचा आहे. हे त्याला लागेल का? सुट्टीत तोही वडिलांबरोबर जातो.

ताई, आधी गोळ्याचं. खांद्यावरचा गोळा दर वेळी हाडच असतो असं नाही. ओझं टेकतं तिथली कातडी जाड होते, खाली चरबीची गाठ धरते. मानेतली गादी झिजली की मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटतात, तेही असेल. डॉक्टरांचं "वाढलंय" कदाचित त्याबद्दल असेल. त्यांना स्पष्ट विचारा: खांद्यावरचं की मानेतलं? हातात मुंग्या येत असतील किंवा घड धरताना पकड सुटत असेल तर ते आवर्जून सांगा.

आता मुलाचं. वडिलांच्या खांद्यावर आलेलं रक्तातून मुलाकडे जात नाही. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतःच भरलेले असतील असं दोनशे वर्षांपूर्वी लामार्कसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या विचारातून लोक मानत. तसं होत नाही. पण तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून मी थांबले.

आपण हाड बघतो ते वाळलेलं, म्हणून ते लाकडासारखं वाटतं. अंगातलं हाड ओलं असतं, त्यात रक्त फिरतं, आणि त्याची सारखी डागडुजी चालू असते: काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही नवं घालतात. जिथे भार तिथे भर. युलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२ साली याचा नियम बांधला. १९७७ मध्ये टेनिस खेळाडूंच्या दंडांचे एक्स-रे पाहिले गेले. पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हातातल्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं जाड निघाली. वीस-पंचवीस किलोचा घड एकाच खांद्यावरून बागेतून गाडीपर्यंत, दिवसभर, बावीस वर्षं! मालकांच्या हाडांनी ते सगळं मांडून ठेवलं असणारच.

माझ्या कपाटात नडगीचं एक हाड होतं. आमच्या वेळी मुलं सिनियरकडून बोनसेट, म्हणजे खऱ्या हाडांचा संच, विकत घ्यायची, मीही घेतला होता, त्यातलं. कुणाचं, कुठलं, काही माहीत नव्हतं. घोट्याशी जिथे हे हाड पावलाच्या हाडावर टेकतं तिथे पुढच्या कडेला, अंगठ्याच्या नखाएवढी एक गुळगुळीत चकाकती जागा होती. बोट फिरवलं की तुळतुळीत लागायची, नदीतल्या गोट्यासारखी. उकिडवं बसलं की नडगी पुढे झुकते आणि पावलाच्या हाडाला टेकते, त्याचा तो ठसा. लाहोरला शरीररचना शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी माणसांच्या हाडांवर तो दाखवला होता. मी दर वर्षी मुलांना विचारायची, "हा कोण?" कुणी म्हणे पहिलवान, कुणी म्हणे धावपटू. मग मी वर्गातच टेबलाशेजारी उकिडवी बसून निंदणीचा हात करून दाखवायची. कपाशीत आयुष्यभर निंदलेल्या माझ्या आजीच्या घोट्यातही तो ठसा असणार.

चार्ल्स मात्र पुढे एका ठिकाणी घसरले. हा ठसा त्यांना पंजाबी बाळांतही दिसला, तेव्हा त्यांना वाटलं की पिढ्यान्‌पिढ्या उकिडवं बसल्यामुळे तो आता वारशानं उतरतोय. नंतर युरोपातल्या गर्भांच्या पावलांतही तसाच ठसा सापडला. बाळ पोटात पाय दुमडूनच असतं! ठसा सगळ्यांच्या वाट्याला येतो. खुर्चीवर बसणाऱ्यांचा मिटतो, जमिनीवर बसणाऱ्यांचा टिकतो.

तेव्हा मुलाच्या अंगात वडिलांचा खांदा उतरलेला नाही. तो स्वतः घड उचलेल तर स्वतःचा तयार करेल. चौदाव्या वर्षी हाडांची टोकं अजून कच्ची असतात, वाढीचा कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न झालेल्या मऊ भागाचा, थर उघडा असतो, आणि हाड या वयात भाराला जितकं वळतं तितकं नंतर वळत नाही. बागेत जाऊ दे, पाणी धरू दे, फण्या पुसू दे. घड नको. आणि मालकांना म्हणावं, खांदा पालटत जा, मध्ये गोणपाटाची जाड घडी घ्या. बावीस वर्षांची सवय आहे, ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे.

शिरपूरहून एक वाचक: नर्मदेकाठी आदिमानवाची कवटी सापडली होती. तो आपला पूर्वज का? आपल्याकडे सातपुड्यात असं का सापडत नाही?

५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोऱ्याला, नर्मदेच्या काठच्या गोट्यांच्या थरात ती मिळाली. फक्त डोक्याची टोपी, तीही मुख्यतः उजवी बाजू. चेहरा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला 'होमो इरेक्टस नर्मदेन्सिस' म्हटलं, म्हणजे आपल्याआधीच्या एका मानवजातीतली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी आणि खुद्द सोनकिया यांनी मिळून पुन्हा मापं काढली: मेंदूची जागा ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटरच्या दरम्यान, म्हणजे आपल्या जवळपास. कौल 'जुन्या घडणीचा सेपियन', म्हणजे आपल्याच जातीचा जुना माणूस, असा फिरला. आपल्या नामकरणावर पुन्हा बसून विचार करणारा माणूस मला आवडतो. आपला थेट खापरपणजोबा मात्र मी त्याला म्हणणार नाही. आज जगात आहोत ते आपण मुख्यतः फार नंतर आफ्रिकेतून निघालेल्यांचे वंशज.

आपल्याकडे माणसं होती. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ सालींनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. चाळीसगावात शहामृग! हाडं टिकत नाहीत याला आपली काळी जमीन कारण आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते; पुरलेलं हाड दर वर्षी जात्यात घातल्यासारखं दळलं जातं.

गिरणाकाठचे एक शेतकरी: पोटखराबा सपाट करताना जेसीबीला दोन मडकी लागली, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. एक फुटलं. आत माती आणि काड्यांसारखी बारीक हाडं. कुणी म्हणतं गुप्तधन, कुणी म्हणतं करणी. काम थांबवलंय. काय करू?

काम थांबवलंत, अर्धं तिथेच झालं.

दादा, ती करणी नसावी. तुमच्याच नदीवर बहाळ आणि समोरचं टेकवाडे इथे १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं खणलं, तेव्हा टेकवाड्याला अशा मडक्यांतली दफनं मिळाली होती. तापीवर प्रकाश्याला १९५५ साली खणलं, तिथेही ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्यांची, वस्ती. साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही शेतकरी माणसं. तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत ती आपली लहान मुलं पुरायची, बहुतेक वेळा घरातच, जमिनीखाली.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा पुणे जिल्ह्यात इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथे खणलं आणि दोनशेच्या वर दफनं मिळाली, बहुतेक मुलांची. मोठ्यांच्या सांगाड्यांत घोट्याखालची पावलं तोडलेली. मेलेला माणूस चालत परत येऊ नये म्हणून, असं उत्खननकार म्हणतात. एकच गडी पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला, पावलं शाबूत. गावचा कारभारी असावा. आपल्या पाटलाची भीती वाटली नसेल का त्यांना, की त्यानं परत यावं असंच वाटत होतं? इनामगावच्या या हाडांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासिकेनं मुलांच्या मांडीच्या हाडाची मधली जाडी मोजून त्या मुलांची वजनं किती असतील ते काढलं. गावाच्या शेवटच्या काळातली मुलं वयाच्या मानानं किरकोळ होती. तीन हजार वर्षांपूर्वीचं कुपोषण मिलिमीटरात मोजता येतं, आणि आपल्याकडे अजून वजनकाट्यावरून वाद होतात.

आता तुमचं काम. मडकी उचलू नका. फुटलेल्यातली माती बाहेर काढू नका, तीच मोलाची आहे. बाळाचे दात हिरडीत कच्चे असतात, मुगाच्या टरफलाएवढे, आणि ते त्या मातीत असतात. किती महिन्यांचं मूल ते दातांवरून कळतं. मांडीचं हाड अख्खं दिसत असेल तर त्याच्याजवळ पट्टी ठेवून फोटो काढा. सात-साडेसात सेंटिमीटर असेल तर बाळ जन्मता जन्मताच गेलं. वर ताडपत्री घाला, पोलीस पाटलांना आणि तहसीलदारांना लेखी कळवा, पुरातत्त्व खात्याला कळवायला सांगा. हाडं मानवी असल्यानं पोलिसांना आधी कळलेलं बरं.

हे मी इतकं आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी असंच एक मडकं निघाल्याचा मला फोन आला. परीक्षा चालू होत्या. मी म्हटलं, "ठेवा तसंच, येते." गेले नवव्या दिवशी. मडकं घासूनपुसून ओट्यावर ठेवलेलं, आत पाणी. हाडं? घरातल्या आजींनी लाल फडक्यात बांधून, वर दूध-साखर घालून तापीत सोडली होती. "कुणाचं का असेना, लेकरू होतं," म्हणाल्या. मी काय बोलणार? चहा घेतला, मडक्याचं माप घेतलं आणि एस.टी.नं परत आले. दादा, तुमच्या घरात अशा कुणी असतील तर त्यांना सांगा, दात तेवढे आधी बघू द्या.

शहाद्याहून नववीतला एक मुलगा: मला पोलीस भरतीत जायचंय. १६५ सेंमी लागते. माझी १५८ आहे, वय १५. रोज झाडाला लोंबकळतो. वाढेल का?

तुझं कळकळीचं पत्र वाचून मजा वाटली. लोंबकळल्यानं मणक्यांमधल्या गाद्या थोड्या ताणतात, हाड एक केसभरही वाढत नाही. खाली उतरलास की गाद्या पुन्हा बसतात. व्यायाम म्हणून खुशाल लोंबकळ. वाढ होते ती हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या थरातून. मुलांमध्ये तो साधारण सोळा ते अठरा या वयात बुजतो, म्हणजे तुझं दार बंद झालेलं नाही. फारच जिवाला लागलं तर मनगटाच्या एक्स-रेवरून डॉक्टर सांगतील किती उघडं आहे. तोवर दूध, डाळ, अंडी आणि झोप. कळण्याच्या भाकरीलाही माझी हरकत नाही. भिंतीवर पेन्सिलीनं खूण कर, तारीख घाल, महिन्यातून एकदाच. आणि दर वेळी सकाळी उठल्या उठल्या मोज. दिवसभरात गाद्या दबून माणूस सेंटिमीटरभर खाली बसतो. संध्याकाळी मोजशील तर उगाच रात्रीचं जेवण जाणार नाही.